भिकुबाईचा डावा पाय

धुळे, ८ जानेवारी १९९५

ती. अक्कास नमस्कार.

पोतंभर दगडी पाला मिळाला. अमीनभाईने केळीचा ट्रक मुद्दाम कॉलेजच्या फाटकापर्यंत आणला आणि सगळ्यांच्या देखत पोतं उतरवून म्हणाला, "सर, सावद्याहून बकऱ्यांचा चारा आलाय." त्यानंतर दिवसभर स्टाफरूममध्ये बकरी मीच होतो. पाला मात्र उत्तम आहे. गच्चीवर सावलीत पसरला आहे.

तू विचारलंस, चव्वेचाळिसाव्या वर्षी आता कसली परीक्षा. परीक्षा नाही, प्रबंध. आई जो पाला वाटून जखमेवर बांधायची आणि तिच्यामागे आता तू बांधतेस, त्याचा अर्क काढून मी मलम केलं आहे. आमच्याकडे त्याला जेल म्हणतात. दिसायला पारदर्शक, जरा हिरवट. कपड्याला डाग पडत नाही. त्या पाल्यात अँटिऑक्सिडंट द्रव्यं आहेत. केळं चिरून ठेवलं की हवेने काळं पडतं ना, तशीच काहीशी नासाडी जखमेच्या आतही चालते, आणि ही द्रव्यं ती रोखतात असं पुस्तकं सांगतात. आम्ही काचेच्या नळीत एक जांभळं द्रावण घेतो. त्यात अर्काचे चार थेंब टाकले की ते पिवळं होतं. परवा झालं. मी ते तीनदा करून पाहिलं, कारण पहिल्यांदा झालं तेव्हा मला इतका आनंद झाला की माझाच मला भरवसा वाटेना.

पण काचेची नळी म्हणजे जखम नव्हे. पुढच्या आठवड्यापासून उंदीर. चोवीस उंदीर, सहा-सहाचे चार गट. एका गटाला काहीच लावायचं नाही, दुसऱ्याला पाल्याविना कोरं जेल, तिसऱ्याला पाल्याचं, चौथ्याला बाजारातलं मलम. ज्याची जखम आधी भरेल तो खरा.

माझे मार्गदर्शक रतिलाल सर जळगावच्या एका फॅक्टरीशी बोलत आहेत. आई म्हणायची, पाल्याला पैसा घेतला की गुण जातो. त्यावर तुझं मत कळव. मला काय वाटतं ते मला अजून कळलेलं नाही.

अमीनभाईबरोबर लहान डबी पाठवतो. केळ्यावर लावून बघ.

तुझा
जीवराम


सावदा, १९ जानेवारी

चि. जीवराम यास अक्काचे आशीर्वाद.

केळं चिरलं. अर्ध्या चकत्यांना तुझं मलम चोपडलं, अर्ध्या तशाच ठेवल्या. तुझ्या चकत्या दुपारपर्यंत पांढऱ्या राहिल्या. तुझे भाऊजी शेतातून आले आणि त्यातलीच एक तोंडात टाकली. मग अर्धा तास गुळण्या करत होते. म्हणे, "जीवराम डॉक्टर होऊ राहिला का मले मारू राहिला?" मी सांगितलं, ही डॉक्टरकी उंदरांची आहे. पण त्यांच्या डोक्यात ते शिरत नाही. बाजारात सगळ्यांना सांगून आले आहेत की आमचा मेव्हणा डॉक्टर होतो आहे.

फॅक्टरीचं म्हणशील तर तुझ्या मलमात तुझे कष्ट आहेत, त्याचं तू बघ. माझं नाव त्यात नको, आईचंही नको.

आता एक काम. आपल्या बागेत भिकुबाई कामाला आहे, घड वाहून नेते. तिच्या डाव्या तळव्याला अंगठ्याच्या खाली बांबूचं कुसळ शिरलं. कधी शिरलं तेही तिला कळलं नाही. आता तिथे जखम झाली आहे. मी पाला बांधला, पण माझ्या हाताला यश येत नाहीये. तुझ्या हातचं मलम लावून बघावं म्हणते. दोन ट्यूब पाठव. तू स्वतःच्या हाताने भर, कोणाकडून भरवून घेऊ नकोस.

शकुंतलेला आणि मुलींना आशीर्वाद.

अक्का


धुळे, २९ जानेवारी

ती. अक्कास,

दोन ट्यूब पाठवल्या आहेत. मीच भरल्या. तू आपला पाला बाजूला ठेवून माझं जेल मागितलंस, याचा मला किती अभिमान वाटला हे लिहायला संकोच वाटतो, म्हणून लिहून टाकतो.

दोन गोष्टी मात्र पाळ. एक, कुसळ शिरलेलं कळलं नाही हे मला आवडलं नाही. तिला साखर आहे का बघ. लघवी तपासायला फैजपूरला पाठव. साखर असेल तर माझ्या मलमावर थांबायचं नाही, सरळ दवाखाना. दुसरं, सोबत पारदर्शक कागद देतो आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी, रविवारी, कागद जखमेवर धरून बाहेरची कड पेनाने काढ, तारीख लिही आणि पाठव. आम्ही उंदरांचंही असंच करतो. मग तो कागद चौकोनाच्या कागदावर ठेवून आतले चौकोन मोजायचे. चौकोन कमी झाले म्हणजे जखम भरतेय.

तुझा जीवराम


सावदा, १३ फेब्रुवारी

चि. जीवराम,

पहिला कागद सोबत आहे, कालचा. हात थरथरला म्हणून कड वाकडी आली, पण जखमच तशी आहे.

साखरबिखर काही नाही. राबणारी बाई आहे, तिला कुठून साखर होणार. दुखतं का म्हणून विचारलं तर अजिबात नाही म्हणते. हे चांगलंच ना?

पाला न्यायला माणसं येतात. त्यांना मी सांगते, आता धुळ्याहून याचं मलम येणार. म्हातारे उखर्डू नाना म्हणाले, "इंदिराबाई, तुमचा भाऊ पाल्याले ट्यूबमधी कोंडतो, त्यो उद्या तुम्हालेही कोंडीन." हसून गेले.

तुझे उंदीर काय म्हणतात?

अक्का


(न टाकलेलं)
धुळे, ३ मार्च

ती. अक्का,

उंदीर काय म्हणतात ते सांगतो. पाल्याचं जेल लावलेल्यांच्या जखमा सरासरी सोळा दिवसांत भरल्या. कोरं जेल लावलेल्यांच्याही सोळा दिवसांत भरल्या. थोडे तास इकडे-तिकडे. म्हणजे जे काही झालं ते जखम ओली आणि झाकलेली राहिल्यामुळे झालं. पाल्याचा त्यात भाग दिसत नाही. नळीतलं जांभळं पिवळं होतं हे खरंच आहे. पण कातडीला त्याचं काही वाटलेलं नाही.

मी तीन रात्री नोंदी तपासल्या. बेरीज चुकली असावी अशी इच्छा धरून तपासल्या, हेही लिहून ठेवतो.

रतिलाल सरांनी तक्ता बघितला. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "कोऱ्या गटातले नऊ आणि अकरा नंबरचे फार लवकर बरे झालेत. त्यांची नोंद चुकलेली धरा. ते दोन काढले की फरक दिसतो." खरंच दिसतो. मी पेन्सिलीने काढून पाहिलं. ते दोघे का काढायचे, एवढंच मला सांगता येत नाही. गेल्या महिन्यातल्या परिषदेत मी याच कामाचा गोषवारा वाचला आहे. त्यात "आशादायक" हा शब्द माझाच आहे. फॅक्टरीने खोक्याचा नमुना छापून आणला. मला दाखवला तेव्हा मी छान म्हणालो.

चिंधा, आमचा उंदीर सांभाळणारा, पिंजरे धूत होता. त्याला विचारलं, तुला काय वाटतं. तो म्हणाला, "भाऊ, उंदरं जवान शेतस. त्यास्ले लावा का नका लावू, बठ्ठा बरा व्हतसच." जवान उंदीर लावा न लावा, सगळे बरे होतातच, एवढं मला एका वाक्यात लिहिता आलं असतं तर प्रबंध झाला असता. केळीच्या बागेतली तुझी माणसंही जवान आणि राबणारी. ती पाल्याने बरी होत होती की आपली आपणच?

हे तुला कसं लिहू? आई गेल्यावर गावात तुझं जे काही आहे ते हेच आहे.


धुळे, ५ मार्च

ती. अक्कास नमस्कार.

पत्र मिळालं. उंदरांचं मोजमाप चालू आहे. निकाल एकदम सांगता येत नाहीत. भिकुबाईच्या पहिल्या कागदाचे चौकोन सातशे बारा भरले. दोन ट्यूब आणखी पाठवतो. परीक्षांची कामं फार आहेत, म्हणून थोडक्यात.

जीवराम


सावदा, २ एप्रिल

चि. जीवराम,

दोन कागद सोबत आहेत, एक बारा मार्चचा आणि एक आजचा. बघ, किती भरली आहे. भिकुबाई तुला दुवा देते.

तू रामनवमीला येतो असा अमीनभाईबरोबर निरोप दिलास, पण आता येऊ नकोस. घरात फरशी उखडली आहे, बसायला जागा नाही. फरशी झाली की कळवीन.

दुसऱ्या खेपेच्या ट्यूबला वास येतो का रे? पहिलीला नव्हता. लावलं की थोडा घाण वास येतो. मलमाचाच असेल.

भिकुबाई आखाजीच्या सणाला चोपड्याला माहेरी जाणार आहे, पंचवीस एप्रिलपासून पंधरा दिवस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या भावाने बोलावलं आहे. तिला लुगडं घेतलं.

उंदरांचं तू काही लिहीत नाहीस. चांगलं असलं की तू चार पानं लिहितोस. पण तू करशील ते नीट करशील.

अक्का


धुळे, १६ एप्रिल

ती. अक्कास,

दोन्ही कागद मोजले. पाचशे तीस, मग तीनशे शेहेचाळीस. जवळजवळ निम्मी भरली. मी तो तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. ट्यूबला वास नाही, मी इथल्या उघडून पाहिल्या. उन्हाने झालं असेल. माठाजवळ ठेव.

उंदरांचं खरं सांगायचं तर निकाल स्पष्ट नाही. रतिलाल सरांना मी तुझे कागद दाखवले. ते म्हणाले, उंदरापेक्षा माणूस मोठा, प्रबंधात शेवटी हे जोडा. मला ते योग्य वाटत नाही, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. पण रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी मी ते तीन आकडे बघतो. हल्ली तेवढंच बरं वाटण्यासारखं आहे. उंदीर चुकले असतील, मीच कुठे चुकलो असेन, पण सावद्याला एक पाय बरा होतोय.

एकच कागद आणखी हवा आहे, तीस एप्रिलचा. तो आला की मे महिन्यात प्रबंध सरांकडे द्यायचा.

जीवराम


सावदा, ३ मे

चि. जीवराम,

तू मागितलास तो तीस तारखेचा कागद. आता फारच थोडी राहिली. तुझं काम झालं, नाही का?

काल आखाजी झाली. मोहल्ल्यातल्या सगळ्या मुली झोक्यावर. मला चल म्हणाल्या. मी म्हटलं, यंदा बसूनच गाणी म्हणते. आमरस केला होता. तुझी आठवण काढून भाऊजींनी दोन वाट्या जास्त खाल्ल्या.

बाकी सर्व ठीक. तू डॉक्टर झालास की मी नारळ फोडणार आहे.

अक्का


धुळे, ९ मे

अक्का,

हे पत्र तुला मी येऊन गेल्यावर मिळेल. मी उद्या सकाळच्या एस.टी.ने निघतो आहे. तरी लिहितो, कारण समोर आलो की मला बोलता येणार नाही.

तुझा कागद काल आला. एकशे चोपन्न चौकोन. मी आकडा तक्त्यात लिहिला, रेघ ओढली. अगदी सरळ खाली आली. माझ्या चोवीस उंदरांपैकी एकाचीही रेघ इतकी सरळ नाही. मग चारही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. पहिल्याची कड वाकडीतिकडी आहे. पुढचे तिन्ही गोल, चंद्रासारखे. खरी जखम भरताना कडेने आत ओढली जाते, सुरकुतते, चांदणीसारखी होते. गोलच्या गोल लहान होत नाही. मी हे दोनशे वेळा पाहिलं आहे. दोन कागदांवर एप्रिलमध्येही हे माझ्यासमोर होतं. मी फक्त आकडा बघत होतो, कारण तो मला हवा होता.

आणि तीस एप्रिलला भिकुबाई चोपड्याला होती. तूच लिहिलंस.

मग तो कोणाचा पाय आहे? कुसळ लागलेलं कळलं नाही, दुखत नाही, वास येतो. येऊ नकोस, फरशी उखडली आहे. झोक्यावर बसली नाहीस.

सोबत तीन मार्चचं एक पत्र ठेवतो. लिहिलं होतं, टाकलं नाही. टाकलं असतं तर तुला कळलं असतं की त्या ट्यूबमध्ये काही नाही. तू मला खोटे कागद पाठवलेस म्हणून मी रागावू शकत नाही. मी तुला दोन महिने कोरं जेल पाठवत होतो आणि ते मला ठाऊक होतं. पाला होता त्यात, पण कोरंच म्हण.

जीवराम


जळगाव, ११ जून

चि. जीवराम,

कॉटवर बसून लिहिते आहे, अक्षर समजून घे. डॉक्टर म्हणाले, पुढचा अर्धा पाय गेला पण टाच राहिली. टाचेवर चालता येतं. शेजारच्या कॉटवर जरीना म्हणून बाई आहे, तिची टाचही गेली. म्हणून मी गप्प बसते.

तू त्या दिवशी दारात उभा राहिलास आणि भाऊजींना म्हणालास, इतके महिने तुम्ही काय बघत होतात. ते जे बोलले ते मला तेव्हापासून ऐकू येतं. "तुयंच तं औषध चालू हाये, जीवराम. तू म्हनशीन तसं." त्यांना खरंच तसं वाटत होतं. घरचा डॉक्टर टपालाने औषध पाठवतो, मग बाहेर कशाला जायचं. मीच तसं वाटू दिलं. गाडीत तू त्यांच्याकडे बघत नव्हतास. आता बघ. त्यांचा दोष नाही.

साखरेचं मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. फैजपूरच्या शिबिरात सांगितलं होतं. मी कागद फाडून टाकला. पाला देणारी बाई आजारी म्हटल्यावर तिच्या हातचं कोण घेणार?

आणि तू विचारलंस, माझ्या दारात पाला उगवतो, तर मलम कशाला मागितलं. तुला आईचा एक नियम ठाऊक आहे, पैसा घ्यायचा नाही. दुसरा तुला ठाऊक नाही, तो जिच्याकडे हे काम सोपवायचं तिलाच सांगतात. देणारीचा हात देणारीला चालत नाही. स्वतःचा पाला स्वतःला लावला तर पाल्याचाही गुण जातो आणि हाताचाही. आईचा हात उकळत्या पाण्याने भाजला होता तेव्हा तिने पाला माझ्याकडून वाटून लावून घेतला होता. मी दहा वर्षांची होते. ज्याला आपण दिलं त्याच्याच हातून ते परत घेता येतं. माझ्याकडून नेलेल्या पाल्याचं औषध करून देणारा तू एकटा. म्हणून तुझ्या हातची ट्यूब. तुला वाटलं मला तुझं शास्त्र पटलं. मला वाटलं नियम पाळला.

पहिला कागद खरा होता. मग जखम वाढत गेली. दुसऱ्याला मी कुंकवाच्या करंड्याचं झाकण ठेवलं, तिसऱ्याला मशीनची बॉबीन, चौथ्याला भाऊजींच्या सदऱ्याचं बटण. तू उंदरांचं लिहीत नव्हतास. मला कळलं की तुझं काही बिनसलं आहे. म्हटलं निदान माझ्याकडून तरी तुला चांगला आकडा जावा.

तुझं मार्चचं पत्र मी इथे वाचलं. ते तेव्हा आलं असतं तर मी दवाखान्यात गेले असते का? तू हे दोन्ही बाजूंनी घोळवत बसशील, म्हणून एकदाच लिहिते. मला ठाऊक नाही. तुलाही कधी कळणार नाही. आता आपल्याला तसंच राहायचं आहे.

भिकुबाई भेटायला आली होती. म्हणाली, "माहा पाय धुळ्याले जाऊन आला म्हने, अन् मले पत्ता नाही." वॉर्डातल्या सगळ्या बाया हसल्या. मी पण हसले.

अक्का


धुळे, २ जुलै

ती. अक्कास,

तू लिहिलंस त्यावर चार दिवस डायरीत लिहून पाहिलं, चारही पानं स्वतःच्या बाजूची निघाली.

प्रबंधात चोवीस उंदीर ठेवले आहेत, नऊ आणि अकरा धरून. निष्कर्षात लिहिलं की काचेच्या नळीतला गुण जखमेवर दिसला नाही. तुझे कागद जोडलेले नाहीत. रतिलाल सरांनी शेवटचं पान वाचलं, फाईल बंद केली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि चहा मागवला. त्यांच्या सहीशिवाय ती पुढे जात नाही. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर हजेरीपटावर सही करतो आणि ते विचारतात, बहिणीचं कसं आहे. मनापासून विचारतात, हेच कठीण आहे.

फॅक्टरीला मी लेखी कळवलं. त्यांचं उत्तर आलं की पहिला माल निघाला आहे, आणि "पाल्यात अँटिऑक्सिडंट आहे" एवढंच खोक्यावर छापलं आहे, ते तर तुमच्याच गोषवाऱ्यात आहे. आहेच. त्यात एकही अक्षर खोटं नाही. ते परत कसं घ्यायचं ते मला कळत नाही. खोक्याच्या आतल्या चिठ्ठीवर कॉलेजचं नाव आहे, माझंही आहे.

चिंधा तुझी चौकशी करतो. पिंजरे रिकामे आहेत. तरी तो रोज धुतो.

भाऊजींना वेगळं पत्र टाकलं आहे.

जीवराम


सावदा, २० ऑगस्ट

चि. जीवराम,

घरी येऊन महिना झाला. टाचेवर चालते. परसापर्यंत जाते आणि भिंतीला धरून परत येते. दवाखान्याची पट्टी आणि साखरेची गोळी, बाकी काही लावत नाही.

तुमच्या ट्यूब सावद्याला आल्या. मेडिकलच्या काचेत मांडल्या आहेत. रावेरहून एक जण ट्यूब घेऊन थेट आपल्या ओट्यावर आला. म्हणे, तुमच्या भावाची आहे, कशी लावायची ते सांगा. मी पाय पुढे करून दाखवला. तो बिचारा चप्पल न घालताच निघाला, परत येऊन घालून गेला. अशा किती जणांना दाखवणार? मेडिकलवाला सुकदेव रागावला आहे, तुझे भाऊजी मध्ये पडले. उद्या आणखी कोणी येईल. मला ओट्यावर बसल्याशिवाय उजेड मिळत नाही, आणि ओट्यावर बसलं की लोक येतात.

पाला मागायलाही येतात. देते, नाही म्हणवत नाही. पण आता आधी टाचणी घेते. तळव्याला हळूच टोचते आणि विचारते, दुखलं का? ओरडला तर पाला. काही कळलं नाही म्हणाला तर पाला नाही, फैजपूरचा रस्ता. आईचे दोन नियम होते, हा तिसरा माझा. परवा उखर्डू नाना ओरडले नाहीत. त्यांच्या मुलाला बोलावून गाडीत बसवलं. जाताना म्हणाले, "कोंडलं का नाही तुम्हाले?"

तू दिलेल्या कागदांतला एक उरला होता. सोबत पाठवते. आज सकाळी मीच काढला, आरसा खाली ठेवून. यावर नाव माझं आहे. मोज.

अक्का


धुळे, २७ ऑगस्ट

ती. अक्कास,

मोजली. सहाशे अडतीस. पुन्हा मोजली, सहाशे एकेचाळीस. एवढा फरक माझ्या हाताचा.

आधीचा आकडा नाही, त्यामुळे भरते आहे की नाही ते सांगता येत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा काढ. पारदर्शक कागदांचा गठ्ठा अमीनभाईबरोबर पाठवतो आहे. ट्यूब पाठवत नाही.

कड सगळीकडून वाकडी आहे. अंगठा होता त्या बाजूला आत ओढली गेली आहे.

जीवराम